वानखडेभाऊ सुजातासाठी गिफ्ट पाहाले गेलते तेव्हा

दिग्रसच्या आमच्या कापसाच्या जिनिंगमधले किस्से सांगाले बसलो का चहाचे तीन राउंड होतात, तरी किस्से सरत नाहीत. त्यातले निम्मे वानखडेभाऊचे! भाऊ मशीनवर, मी अन् शेखभाई फिटर.

यंदा भाऊची पोरगी सुजाता डॉक्टर झाली. साऱ्या खानदानात पहिली! आम्ही ठरवलं, गिफ्ट द्याचं तर भारीतलंच द्याचं.

शेखभाई म्हणे, "स्टेथोस्कोप! डॉक्टरले दुसरं काय पाह्यजे?"

"ते सोडून कायबी घ्या," भाऊ म्हणे.

कारण आम्हाले माहीत होतं. कापसाच्या धुळीनं भाऊची छाती दोन वर्षांपासून घरघरत होती अन् भाऊनं हे पोरीपासून लपवून ठेवलं होतं. तिले पुण्याच्या मोठ्या दवाखान्यात नोकरी लागली होती. "तिले समजलं तर पुणं सोडून माह्याजवळ बसन ना बाप्पा!"

*

सुजाता होस्टेलवरून घरी आली अन् भाऊले खोकला आला, का भाऊ उठलेच. "मोटर बंद करून येतो."

एक दिवस ती म्हणे, "बाबा, आपल्या घरी मोटर कुठी आहे?"

"शेजाऱ्याची!"

*

मग आम्ही यवतमाळले गेलो. पहिले घड्याळाच्या दुकानात. भाऊनं काचेतलं सगळ्यात चमकदार घड्याळ काढाले लावलं. दुकानदार म्हणे, "डॉक्टर मॅडमसाठी का? ऑपरेशनच्या वेळी काढून ठेवा लागते, काका."

"मग ते हरवन," भाऊ म्हणे, अन् निघाले.

*

पेनच्या दुकानात भाऊले सोनेरी निबचा पेन देल्ला. "लिहून पाहा."

भाऊनं लिहिलं, 'डॉ. सुजाता वानखडे'. खाली पुन्हा तेच. मग पुन्हा. अख्खं पान भरलं!

"काका, पॅक करू?"

"थांबा ना भाऊ, लिहू द्या थोडं!"

मले तर हसू आलं. पण शेखभाईनं पेन नामंजूर केला. "दवाखान्यात पेन मांगून नेतात, वापस कोणी देत नाही."

*

शेवटी शेखभाईनं आम्हाले डॉक्टरी सामानाच्या दुकानात ओढत नेलं. "पाहाले काय जाते?" त्यानं स्वतःच नळी कानाले लावली. "अरे बाप रे! अपना दिल तो जोरात चालू आहे!"

दुकानदारानं मग ती भाऊच्या कानाले लावली अन् दुसरं टोक त्याइच्याच छातीवर ठेवलं. भाऊ ऐकत राह्यले. चेहरा उतरला. मले वाटलं, आता म्हणतीन, चला घरी.

भाऊनं नळी हळूच काढून ठेवली. "याच्याहून भारी दाखवा. तिले बारीकातलं बारीक ऐकू आलं पाह्यजे."

*

आम्ही स्टेथोस्कोपचा डबा घेऊन भाऊच्या घरी गेलो. सुजातानं उघडला. "अगं माय! एवढा महागाचा?"

भाऊनं शर्टाच्या दोन गुंड्या आधीच खोलल्या होत्या. "पहिले माह्या छातीले लाव. पण कबूल कर, काहीबी ऐकू आलं तरी पुण्याले जाशीन."

सुजातानं नळी कानाले लावली. डोळे भरले होते, पण दुसरं टोक बरोबर छातीवर टेकवलं.

"छातीचे मोठे डॉक्टर तिथीच आहेत, बाबा. म्हणून तर पुण्याची नोकरी घेतली. आता बोलू नका. लंबा श्वास घ्या."