बेंबीखालचा ठोका

काकू गेल्याचं कळवताना चुलतभाऊ फोनवर म्हणाला, "अगं, पोटातच तर दुखत होतं..." पोटदुखी म्हणजे त्या घरची रोजची पाहुणी. वसईजवळच्या गिरीज गावातल्या त्या वाडीत सकाळी अनशापोटी माणसं यायची, बेंबी सरकली म्हणून. नालासोपाऱ्याच्या नव्या इमारतींतूनही यायची. काकू त्यांना चटईवर उताणं झोपवायची, बेंबीवर अंगठा टेकवून आतला ठोका शोधायची आणि तेलाच्या बोटांनी चोळून तो जागेवर आणायची. मी कॉलेजात शिकणारी, मी हसायचे. "हसणाऱ्यांचीच बेंबी आधी सरकते," ती म्हणायची. परीक्षा जवळ आली की तिच्याच चटईवर आडवी व्हायचे मी.

त्या सकाळी केळीचे घड उतरवताना तिच्या पोटात कळ आली. स्वतःची बेंबी स्वतः बसवू नये म्हणतात, म्हणून तिनं काकांना हाक मारली. जन्मभर पहार चालवलेले काका, ती सांगेल तिथं दाबत गेले. "अहो, अजून खाली... दाबा, घाबरता काय." कळ थांबेना. गावातल्या डॉक्टरांनी पित्ताचं इंजेक्शन दिलं. मुंबईच्या इस्पितळात पोट उघडलं तेव्हा आतडी काळी पडली होती. आतड्यांना रक्त नेणारी रोहिणी आतून फाटली होती. मार नाही, पडणं नाही, आपसूकच. भावानं भीतभीत विचारलं, दाबल्यामुळे तर नाही ना? डॉक्टर म्हणाले, "नाही. पहिली कळ आली तेव्हाच ती फाटली होती." आम्हाला ते पटलं, काकांना नाही.

मला तिची फार आठवण येते, आणि खरं सांगायचं तर भीतीही वाटते. दुपारी जरा आडवी झाले की हात आपोआप पोटावर जातो. आपल्या आत इतकं काही चालू असतं आणि ते कधीही, कारणाशिवाय फाटू शकतं... ही काय रीत झाली?

परवा सकाळी वाडीत गेले तर काका चहा न घेता बसलेले. मला पाहून ते जमिनीवर आडवे झाले, सदरा वर केला आणि माझा अंगठा धरून बेंबीवर टेकवला.

"लागतो?"

"लागतो, काका."

"जागेवर हाय?"

"हो, अगदी जागेवर."

त्यांनी माझा अंगठा सोडला आणि सदरा खाली ओढला.

"तिचा पन जागेवरच होता," ते म्हणाले. "तरी मी दाबत राहिलो."