घाईनं जमलेला बर्फ

रहीमभाई गेल्याचं मला दोंडाईचा स्टेशनवर कळलं, तेही ते जाऊन आठ दिवस झाल्यावर. सुट्टीहून परतून, गाडीतून उतरल्यावर मी थेट त्यांच्याकडेच निघालो होतो, एक चूक कबूल करायला... ओळखीच्या हमालानं बातमी सांगितली आणि मी तिथेच बाकावर बसलो. आता कुठे जायचं हेच सुचेना.

बर्फाच्या कारखान्यात त्यांनी उभी हयात घालवली. मी शाळेत भूगोल शिकवतो. ध्रुवाकडच्या समुद्रावर तरंगणारा बर्फ कमी होत चाललाय असं वाचनात आलं, तेव्हा धडा रंगवायला मी त्यांना बर्फाची एक लादी घेऊन नववीच्या वर्गात बोलावलं. पांढरा बर्फ ऊन परतवतो. तो वितळला की खालचं काळं पाणी ऊन पिऊन घेतं आणि उरलेला बर्फही लवकर जातो, असं मी ऐटीत सांगितलं. वर, हिवाळ्यात पुन्हा गोठला की झालं पहिल्यासारखं, हेही ठोकून दिलं. रहीमभाई लादीवरचा भुसा झटकत होते. ते हळूच म्हणाले, "मास्तर, घाईमा काढेल लादी मजारथून पोकळ ऱ्हास. तठलं नवं बरफ बी कच्चंच ऱ्हाई ना?"

घाईनं काढलेली लादी आतून पोकळ राहते, तसा तिथला नवा बर्फही कच्चाच, असं त्यांचं म्हणणं. बर्फ बनवणं वेगळं आणि भूगोल वेगळा, असं मी मुलांदेखत त्यांना सुनावलं. वर्ग हसला, तेही हसले. पुढे रस्त्यात भेटले की चहाला थांबवायचे, पण त्या दिवसाचा विषय त्यांनी कधी काढला नाही. त्यांना लागलं होतं का? की ते विसरून गेले होते? मला काही उलगडा होईना. मग एका मासिकात वाचलं, की एका हिवाळ्यात जमलेला बर्फ पातळ असतो, उन्हाळ्यात आधी तोच जातो. वर्षानुवर्षांचा जाड बर्फ एकदा गेला की सहजी भरून येत नाही. माझी मास्तरकी तिथल्या तिथे उतरली. तरी जाऊ जाऊ म्हणत मी दोन महिने घालवले.

परवा त्यांच्या घरी गेलो. लादी ओढायचा आकडा खुंटीला होता. त्यांच्या पत्नी सकीनाभाभींनी पाणी दिलं आणि विचारलं, "ते सर्वास्ले सांगायचे, मास्तरनी माले शाळामा शिकवाले बोलावलं व्हतं. खरं शे का ते?"

ते अभिमानानं सांगायचे, की झालेला अपमान झाकायला... कोण जाणे.

"हो भाभी," मी म्हणालो, "शिकवून गेले."

एवढंच तर बोलायचं होतं. ते त्यांच्यासमोर का बोललो नाही, हे मला अजून कळत नाही.