माझ्या भिडूला शाणं कर

संगणकावर ‘नवी आवृत्ती उपलब्ध आहे’ अशी पट्टी आली की मी आधी ती बंद करतो. काल चालत होतं ते आज चालेल की नाही, ही धाकधूक मला लहानपणापासूनची. नोकरी एका खासगी कंपनीत, हिशेब तपासायची. प्रोग्रामिंग हा निव्वळ नाद. संध्याकाळी घरी आलो की चहाचा कप घेऊन कॉम्प्युटरपुढे बसायचं आणि कुणीही न मागितलेली सॉफ्टवेअरं लिहायची. पाण्याची टाकी भरत आली की शिट्टी वाजवणारं एक लिहिलं होतं. बायको म्हणाली, “टाकी भरली की वरनं पाणी गळतंय, ते दिसतंय की सगळ्या गल्लीला. त्याला कॉम्प्युटर कशाला लागतोय?” तिचं खरं होतं, पण नाद काही सुटला नाही.

या सगळ्यातलं एकच सॉफ्टवेअर खरोखर कुणी वापरलं. ते म्हणजे आप्पांसाठी लिहिलेला मेंढीकोट. आप्पा माझे वडील, उद्यमनगरात एका कारखान्यात टर्नर होते. जेवणाच्या सुट्टीत डबा कसाबसा संपवायचा आणि पत्ते पिसायचे, असा तिथला रिवाज. मेंढीकोट चौघांचा खेळ, समोरासमोर बसलेले दोघे एकमेकांचे भिडू. पत्त्यांतल्या चार दश्श्या म्हणजे मेंढ्या. ज्यांनी जास्त मेंढ्या धरल्या ते जिंकले, आणि चारही धरल्या तर समोरच्यांवर, म्हणजे दुसऱ्या जोडीवर, कोट. आप्पांचा भिडू ठरलेला होता. हातकणंगल्याहून रोज रेल्वेनं येणारे, शेजारच्या लेथवरचे एक जैन काका. दोघे रिटायर झाले तरी काका रविवारी आमच्याकडे यायचे आणि दारातूनच ओरडायचे, “पावणं, हायसा का घरात?”

मागच्या वर्षी काका गेले. चौकडीतल्या राहिलेल्या दोघांतला एक मुलाकडे पुण्याला गेला आणि दुसऱ्याला आमचा जिना चढवेना. पत्त्यांचा जोड कपाटात पडला आणि आप्पा खिडकीशी बसून राहायला लागले. मला ते बघवेना. मी खेळ लिहायला घेतला. एका जागी आप्पा, बाकीच्या तीन जागांवर कॉम्प्युटर. पानं मोठाली, माऊसची एक टिचकी मारली की पान पडणार. आप्पांनी पहिल्याच दिवशी खोड काढली, “पिसल्याचा आवाज न्हाय ह्यात.” मग मी कपाटातला जोड काढून, पिसून, त्याचा आवाज रेकॉर्ड करून घातला. तेव्हा कुठं ते खुर्ची पुढे ओढून बसले.

मी त्यांच्या मागे बसून बघायचो. खेळ कुठं अडकतोय का ते बघतो, असं सांगायचो. पण माझं लक्ष आप्पांवर असायचं. त्या दिवसांत ते एकदा दूध आणायला गेले आणि कोपऱ्यावर गप्पा मारून रिकाम्या हातानं परत आले. एकदा चष्मा डोळ्यांवर असताना घरभर शोधला. माझ्या बायकोला त्यात काही वाटलं नाही. मला वाटलं. ऑफिसात जेवणाच्या सुट्टीत मी विसरभोळेपणाविषयी इंटरनेटवर वाचत बसायचो. जे वाचेन ते लक्षण मला आप्पांत दिसायचं.

अशातच त्यांनी बदामाची राणी टाकली. हात समोरच्यांना जाणार हे स्पष्ट होतं आणि पहिल्यानं उतरलेल्या रंगाचं पान आप्पांकडे नव्हतं. अशा वेळी हातातलं सगळ्यात निकामी पान टाकायचं, हे शेंबड्या पोरालाही कळतं. आप्पांकडे बदामाची तिर्री होती. ती ठेवून त्यांनी राणी फुकट घालवली. पुढच्या डावात इस्पिकची राणी तशीच गेली. डाव हरले आणि इस्पिकची मेंढी हातातच मारली गेली. हा माणूस एके काळी बाहेर गेलेलं पानन् पान तोंडपाठ ठेवायचा.

प्रोग्रामातल्या चुकीचं एक बरं असतं. ती पुन्हा घडवून आणता आली की निम्मं काम झालं. मग एकेक ओळ तपासत जायचं, कुठं ना कुठं ती सापडते, आणि सुधारता येते. आप्पांची चूकही पुन्हा पुन्हा घडत होती, पण ओळी कुठल्या तपासायच्या? डॉक्टरांकडे चला म्हणायची हिंमत होईना. मग मला जे येत होतं तेच मी केलं. समोरच्या दोन कॉम्प्युटर खेळाडूंना थोडं मठ्ठ केलं. हातातला एक्का ते वेळेवर टाकेनात. आप्पा जिंकायला लागले.

चार डाव झाले नसतील, आप्पांनी माऊस बाजूला ठेवला आणि खुर्ची माझ्याकडे फिरवली.

“समोरच्यास्नी येडं केलंस व्हय रं?”

मी माऊसची वायर सरळ करायला लागलो.

“मला काय कळत न्हाय असं वाटतंय काय तुला? त्यास्नी कशाला येडं करतोस? त्यापेक्षा माझ्या भिडूला शाणं कर की!”

मग त्यांनी मला सांगितलं. राणी फुकट घालवायची, ती भिडूला केलेली खूण होती. ज्या रंगाची राणी टाकली, त्या रंगाची मेंढी माझ्याकडे आहे, तुझ्याकडे एक्का असेल तर आता काढ. मग एक्क्याखाली मेंढी सरकवायची, आणि ती सुखरूप घरी. काका आणि आप्पांनी ही खूण कारखान्यात ठरवली होती आणि उभ्या शेडमध्ये ती कुणाला कळली नव्हती. मला, पोटच्या पोराला, आत्ता कळत होती.

“ह्यो तुझा भिडू राणी बघतोय आणि ठोकळ्यागत बसतोय,” आप्पा म्हणाले. “त्यो असता तर असा एक्का हाणला असता!”

मला इतकं हलकं वाटलं की मी हसत सुटलो. बायको स्वयंपाकघरातून बघायला आली, काय झालं म्हणून. मी तिला नुसतं पडद्याकडे बोट दाखवलं. त्याच बैठकीत मी भिडूला खूण शिकवली. दोन्ही बाजूंनी शिकवली: आप्पांनी राणी टाकली तर ती ओळखायची, आणि स्वतःकडे मेंढी असली तर स्वतःही राणी टाकायची. त्यानंतर आप्पांनी राणी टाकली, भिडूनं एक्का काढला, आणि आप्पांनी मेंढी सरकवत टेबलावर अशी थाप मारली की माझा चहा सांडला. “आला बघ त्यो!” ते ओरडले.

पावसाळाभर हा खेळ रंगला. माझी धाकधूक कमी झाली. मी मागे बसायचंही सोडलं.

परवाच्या रविवारी सहज बसलो. मटण शिजत होतं, आप्पा खुशीत होते. भिडूनं चौकटची राणी टाकली. पुढची उतारी आप्पांची होती आणि त्यांच्या हातात चौकटचा एक्का होता. मला मागून दिसत होता. आता थाप पडणार म्हणून मी चहाचा कप उचलून हातात धरला.

आप्पा पडद्याकडे बघत राहिले.

“ह्यो असा का खेळालाय?” ते म्हणाले. “राणी फुकट घालवली की.”

मी म्हटलं, “आप्पा, राणी टाकलीया त्यानं.”

“व्हय, त्येच म्हणालोय मी. बघ जरा, तुझं कायतर बिघडलंय.”

त्यांनी किलवरची पंजी टाकली आणि हात गेला.

जेवण झाल्यावर मी प्रोग्राम उघडला. आयुष्यात पहिल्यांदाच आपल्या लिहिण्यात चूक सापडावी म्हणून जीव तुटत होता. एखादा कंस राहिलेला असावा, चौकटऐवजी बदाम लिहिलेलं असावं. मी वरून खाली वाचलं, खालून वर वाचलं. सगळं बरोबर होतं.

“घावली का चूक?” आप्पांनी बाहेरून विचारलं.

“घावली,” मी म्हटलं. “नीट करतो.”

भिडूनं स्वतः राणी टाकायची तेवढी ओळ मी काढून टाकली. आता तो शहाण्यासारखी तिर्री टाकतो आणि आप्पांची तक्रार नाही. खूण ओळखायची ओळ मात्र तशीच ठेवली आहे. आप्पांनी राणी टाकली तर भिडू एक्का काढेल. मी रोज मागे बसतो. आप्पांनी अजून टाकलेली नाही.