बी टाकायचा हात

गुंजवण्याच्या पुरुषांना गोऱ्हे बडवताना कधी लाज वाटली नाही. चौघापाचांनी मिळून गोऱ्हा आडवा पाडायचा, पाय बांधायचे आणि त्याचा बैल करून सोडायचा. भोवती पोरंसोरं, म्हातारे, सगळे हजर. पुढे त्याच बैलाच्या खांद्याकडे बघत मिशांना पीळ द्यायचा. पण माझ्या मालकांनी पुण्याला जाऊन एवढीशी चीर पाडून घेतली आणि अख्ख्या गावाची धोतरं सुटली. असले शूर.

दिवस दुसऱ्या महायुद्धाचे होते. माझं चौथं बाळंतपण अडलं. मालकांनी मला गाडीत घातलं, शिवऱ्यापर्यंत बैल दामटले आणि तिथून सर्व्हिस मोटारीनं पुणं गाठलं. पोट फाडलं, तरी मूल गेलं. मी कशीबशी राहिले. डॉक्टर मालकांना म्हणाले, "पुन्हा दिवस गेले तर ही वाचणार नाही." मग त्यांनी उपाय सांगितले. एक तर माझं पोट पुन्हा उघडायचं, नाहीतर मालकांच्या दोन बारीक नळ्या कापून बांधायच्या. ताकद, इच्छा, दाढीमिशा सगळं जागच्या जागी राहणार, फक्त मूल होणार नाही. मालकांनी एवढंच विचारलं, "पेरणीपतुर बरा हुईन का?"

पेरणी लांबच होती. आठवड्याभरात ते कामाला लागलेसुद्धा.

त्यांनी चूक केली ती खरं सांगण्याची. थोरल्या दिरांनी ओट्यावर, चारचौघांत विचारलं, "पुन्याला इतके दिस कशापाय ऱ्हायलास?" मालकांनी घडलं तसं सांगून टाकलं. त्यांना खोटं सुचतच नसे. ऐकणाऱ्यांची डोकी गोऱ्ह्याच्या पलीकडे जाईनात. "म्हंजी बडवला की ह्याला!" दीर म्हणाले, आणि सगळा ओटा खिदळला.

त्या दिवसापासून मालकांचं शरीर म्हणजे गावची चावडी झाली. शिंकले तरी चर्चा. आवाज बारीक झाला का ते ऐकायला लोक मुद्दाम बांधावरून हाका मारायचे. दाढ दुखली, ती त्या चिरेमुळे. आमच्या म्हशीनं गाभ टाकला, तोही त्या चिरेमुळेच. मालकांचा गुडघा कुरकुरला तेव्हा तर कितीतरी माना समजून-उमजून हलल्या. त्याच ओट्यावर मालकांहून तरुण माणसं काठी टेकून बसलेली असायची, पण त्यांचे गुडघे म्हणे वातानं धरले होते. पुढे मालक म्हातारे झाले तेव्हा त्यांचं म्हातारपणही त्याच चिरेवर ढकललं गेलं. दीर मात्र आपोआप म्हातारे झाले.

शिकलेल्यांची अक्कल याहून बरी असेल असं मला वाटायचं. माझे वडील शिवऱ्याला शाळामास्तर. त्यांच्याकडे भोरच्या कचेरीतले एक निवृत्त कारकून येत. परदेशात म्हातारे लोक पुन्हा तरुण व्हायला हीच शस्त्रक्रिया करून घेतात, असं त्यांनी कुठेतरी वाचलेलं. मालकांना अंगणात बाजूला घेऊन ते कुजबुजले, "काय हो, जोम वगैरे वाढल्यासारखा वाटतो का?" मालक म्हणाले, "झोप चांगली लागती. आता ही मरंल ह्याचं भ्या न्हाई न्हवं." कारकूनसाहेब हिरमुसून चहा प्यायला आत आले. दाराआड मीच होते, चहा मीच दिला, आणि साखर घातली नाही.

हे सगळं मी हसण्यावारी नेलं असतं. पण दिरांनी मालकांची पेरणी काढून घेतली.

रोपाच्या वाफ्यात पालापाचोळा जाळून राब भाजला की त्यात भाताचं बी फेकायचं काम आमच्या भावकीत मालकांचं. त्यांच्या हाताला असा अंदाज होता की रोप कुठे दाटत नसे, कुठे विरळ पडत नसे. एरवी गप्प असणारा हा माणूस त्या दिवशी पागोटं नीट बांधायचा आणि गुणगुणायचा. त्या वर्षी त्यांनी बियाण्याची पाटी उचलली, तशी दिरांनी ती हातातून ओढून घेतली. "तू नगं. तुज्या हातचं बी उगवायचं न्हाई." मालक बांधावर जाऊन बसले. मला मात्र दिरांच्या पागोट्याला काडी लावावीशी वाटली.

माझी थोरली जाऊ सालोसाल बाळंत होऊन वाळून गेली होती. ओढ्यावर धुणं धुताना तिनं एकदा हळूच विचारलं, "लई दुकतं का गं त्यास्नी?"

"दाढ उपटण्यापरीस कमी, आक्का," मी म्हणाले.

तिनं नवऱ्याला विचारायचं धाडस केलं. दीर इतके मोठ्यानं हसले की आमच्या पडवीत ऐकू आलं. "म्या काय बैल हाय व्हय?"

पुढच्याच खेपेला ती अडली. मालक गाडी जुंपायला धावले, तर दीर बैलांच्या पुढ्यात उभे राहिले. "बायकांचं आसंच आसतंय. हुईल मोकळी." दुसऱ्या दिवशी तिची तिरडी ओढ्याकडे गेली.

वर्ष भरायच्या आत दिरांनी दुसरी केली. पेरणीच्या दिवशी पाटी त्यांनीच उचलली. ज्या हातानं गाडी जुंपू दिली नाही, त्या हाताला भावकीतल्या एकानंही अपशकुनी म्हटलं नाही. मालक बांधावर बसले होते. मी त्यांच्या शेजारी जाऊन बसले, सगळ्यांदेखत.

बी उगवलं, जागोजागी गचपण होऊन. लावणीला आम्ही बायका चिखलात वाकलो तेव्हा जावेच्या जागी नवी उभी होती, सोळा-सतरा वर्षांची. थोड्या वेळानं तिनं हातातलं रोप टाकलं, तोंडाला पदर लावला आणि ओकायला बांधाकडे धावली. पलीकडे दीर मिशीत हसत होते.