नवरंग गेल्यावरचे दहा दिवस

मानसिंगराव शेळक्यांना मी पहिल्यांदा पाहिलं ते तिघरा धरणावर, जानेवारीतल्या एका रविवारी. ग्वाल्हेरात पक्षी बघणाऱ्या साठेक जणांचा आमचा व्हॉट्सॲप ग्रुप आहे आणि तो सांभाळण्याचं काम माझ्याकडे आहे. बाकी मी दौलतगंजात राहतो, बँकेत नोकरी करतो. त्या दिवशी सगळे दूरच्या बदकांवर दुर्बिणी लावून उभे होते आणि शर्ट नीट इन केलेला, पासष्टीचा एक माणूस एकटाच उलट्या दिशेला, तारेवरच्या खंड्याकडे बघत होता.

"हा खंड्या, एवढं कळतं मला," ते म्हणाले. "पण पाण्याकडे पाठ करून का बसून राहिलाय?"

मी सांगितलं की या खंड्याला मासेच लागतात असं नाही; टोळ, सरडे, जे मिळेल ते तो खातो. त्यांनी मान हलवली आणि परत त्याच्याकडे बघायला लागले. दहा मिनिटांनी खंड्या शेतात उतरला आणि खरंच एक टोळ घेऊन आला. मानसिंगरावांनी माझ्याकडे वळून पाहिलं. मीच तो टोळ तिथे ठेवला असावा, असा चेहरा होता त्यांचा.

आयुष्यभर त्यांनी शहराच्या पाण्याच्या पंपांवर नोकरी केली होती. घर ग्वाल्हेरातच, मुरार भागात, छावणीच्या भिंतीला लागून. आजोबा फौजेत होते, त्यांनी बांधलेलं. मुलगी शिखा पुण्याला असते. तिच्या बाळंतपणासाठी शांताताई, म्हणजे मानसिंगरावांची पत्नी, तीन महिन्यांसाठी म्हणून गेल्या. शिखाची नोकरी सुरू झाली, बाळाला सांभाळायला कोणी हवं होतं. तीन महिन्यांची दोन वर्षं झाली. भांडण नाही, काही नाही. मानसिंगरावही एकदा महिनाभर राहायला म्हणून गेले होते. अकराव्या मजल्यावर. सोळाव्या दिवशी परतले. का, ते त्यांना नीट सांगता यायचं नाही. "तिथे मला काही कामच नव्हतं," एवढंच म्हणायचे. इथे तरी कुठे होतं?

पण इथे घरामागे परस होता, त्यांच्या भाषेत पिछवाडा. दोन कडुनिंब, एक जांभूळ, लिंबाचं झुडूप आणि झाडांखाली वीतभर पाला. तो पाला शांताताई रोज झाडायच्या. त्या गेल्यापासून कोणी झाडला नव्हता. दुपारी त्या पाल्यात सातभाई यायचे, कलकलाट करायचे, भांडायचे आणि भांडून झाल्यावर एकमेकांना खेटून बसायचे. मानसिंगरावांची सुरुवात तिथून झाली. मी त्यांना माझं एक जुनं चित्रांचं पुस्तक दिलं. मग फोन यायला लागले. "अंबरीशजी, दिसत नाही, नुसता ठोकून राहिलाय. तांबटच ना?" "अंबरीशजी, राखाडी, चोच ही मोठी, डोक्यावरून घारीसारखा ओरडत गेला." तो धनेश. "अंबरीशजी, शिंप्यानं लिंबाची दोन पानं शिवलीत. धागा कुठून आणला असेल?" मी बँकेतून दोन-तीन शब्दांत उत्तर द्यायचो. त्यांना आणखी बोलायचं असायचं, ते कळायचं. समोर रांग असायची.

मे महिन्याच्या अठ्ठावीस तारखेला त्यांनी ग्रुपवर एक धूसर फोटो टाकला. खाली लिहिलं होतं: "मैनेपेक्षा लहान. शेपूट जवळजवळ नाही. पाठ हिरवी, पोट मातकट पिवळं, शेपटीखाली लाल. डोळ्यावरून काळा पट्टा. पाल्यात उड्या मारत चालतो. सकाळी दोन सुरांची शीळ."

फोटोत काही दिसत नव्हतं, पण वर्णनच एवढं चोख होतं की शंका उरली नाही. नवरंग. दक्षिणेकडून पावसाच्या पुढे-पुढे येणारा, रात्री उडणारा आणि जंगलात उतरणारा पक्षी. कधी तरी थकलेला एखादा शहरातल्या बागेत थांबतो. आमच्यापैकी फार थोड्यांनी तो शहरात पाहिला होता.

दुसऱ्या दिवशी पहाटे पाच वाजता आम्ही सात जण कॅमेरे घेऊन त्यांच्या मागच्या व्हरांड्यात हजर. मानसिंगरावांनी खुर्च्या मांडून ठेवल्या होत्या, शेजाऱ्यांच्यासुद्धा मागून आणल्या होत्या. सहा वाजून वीस मिनिटांनी जांभळाखालचा पाला हलला आणि नवरंग बाहेर आला. चार उड्या, थांबला, पाला उलटला, अळी उचलली. उन्हाची एक तिरीप त्याच्या खांद्यावर पडली आणि तिथला निळा रंग पेटल्यासारखा झाला. कॅमेऱ्यांची खटखट झाली. तो गेल्यावर सगळे एकदम बोलायला लागले. मानसिंगरावांनी सदर बाजारातून बेडई, डाळ भरलेल्या पुऱ्या, मागवली होती. त्या व्हरांड्यात आम्ही नऊ वाजेपर्यंत बसलो.

पुढचे चार दिवस तिथे रीघ होती. मुरारचे, शहराच्या लष्कर भागातले, एक जण शिवपुरीहून. मानसिंगराव प्रत्येकाला खुर्ची दाखवायचे, हळू आवाजात सांगायचे, "तिकडे, जांभळाच्या डाव्या हाताला." त्यांच्या चालण्यात एक लगबग आली होती.

दोन जूनच्या संध्याकाळी नवरंग शेवटचा दिसला. तीन तारखेला सकाळी परस गप्प होता. ऊन चढलं, गरम लू सुटली, तरी ते तिथेच बसून राहिले. त्या दिवशी आमच्यापैकी कोणी यायचं नव्हतं. दुपारी कोणी तरी ग्रुपवर विचारलं, "काका, आहे का अजून?" मानसिंगरावांनी लिहिलं, "हो. सकाळी पाच-पन्नासला बोलला."

हे मला त्यांनीच नंतर सांगितलं. म्हणाले, "बोट दाबलं आणि पाठवलं. वाटलं, आज नाही तर उद्या येईलच की. मग खोटं कुठे झालं?"

चार तारखेलाही तो आला नाही, पण मानसिंगरावांची नोंद ग्रुपवर आली आणि पुढेही रोज येत राहिली. लोकही आले. आणि नवरंग तसा लपणारा पक्षी, तेव्हा न दिसल्याचं कोणाला नवल वाटलं नाही. लोक बसले, चहा घेतला, दयाळाची शीळ ऐकली, टकाचोराचे फोटो काढले आणि "उद्या परत बघू" म्हणत गेले. झाशीहून एक डॉक्टर पतीपत्नी आले, अडीच तास घामाघूम होऊन बसले. मीही एकदा गेलो, अर्धा तास थांबलो, आणि मोबाइलवर बँकेचे निरोप वाचत चहा संपवला. मानसिंगराव मला दुसरा कप घ्या म्हणाले होते. मी उठलो.

हर्षिता आली ती अकरा तारखेला. जयेंद्रगंजात राहणारी, प्राणिशास्त्राची एम.एस्सी. करणारी मुलगी. ग्रुपमध्ये तिच्याइतकं नेटकं कोणी लिहीत नाही. "काका, मैं ना, परीक्षेत अडकले होते," ती म्हणाली. "आता बघितल्याशिवाय जाणार नाही."

पहिल्या दिवशी ती पाच ते नऊ हलली नाही. दुसऱ्या दिवशीही. दोन्ही दिवशी ती गेल्यावर मानसिंगरावांनी ग्रुपवर लिहिलं, "साडेनऊला बोलला." तिने विचारलं, "काका, काल सकाळी नेमका कुठे बोलला होता?" मानसिंगरावांनी जांभळाकडे बोट दाखवलं. थोड्या वेळाने तिने परत विचारलं तेव्हा त्यांनी लिंबाकडे दाखवलं. तिने दोन्ही जागा वहीत टिपल्या. मध्ये-मध्ये ती त्यांच्याशी बोलत होती. वटवट्या आणि शिंपी आवाजावरून कसे वेगळे ओळखायचे, नाचऱ्याचं घरटं किती खाली असतं, असं. त्यांनी तिला सातभाईंचं सांगितलं. कोणता पुढे असतो, कोणता झाडावर बसून राखण करतो. दोन वर्षांत एवढा वेळ कोणी त्यांच्याजवळ बसलं नव्हतं.

तेरा तारखेला सकाळी पाच-बावन्नला छावणीच्या भिंतीपलीकडून कसलीशी शीळ आली. मैना असेल, कोणी मुलगा असेल. हर्षिता ताठ बसली. तिने मानसिंगरावांकडे पाहिलं.

"काका, हाच ना? दूरसे आया, पण दोन सूर होते."

ते जांभळाकडे बघत राहिले. तिने क्षणभर विचार केला, मग वही उघडली आणि लिहिलं. मानसिंगरावांना तिच्या खांद्यावरून दिसत होतं. तारीख, वेळ, नवरंग, एक, फक्त आवाज.

"खोडून टाक," ते म्हणाले.

"जी?"

"ते खोडून टाक बेटा. तो नाही. तो दोन तारखेलाच गेला."

हर्षिताला आधी कळलंच नाही. तिला वाटलं, आपण आवाज ओळखण्यात चुकलो. "मग रोज सकाळी..."

"रोज सकाळी मी खोटं लिहीत होतो."

तिने पेन परत उचललं. मग एक सरळ रेघ मारून तिने ती ओळ खोडली. "पण मला ऐकू आलं होतं, काका," ती म्हणाली. "आपने कहा था, म्हणून मला ऐकू आलं." तिच्या आवाजात राग नव्हता, तिला बहुतेक स्वतःचीच भीती वाटली होती. ती चहा न घेता गेली.

त्याच दुपारी मानसिंगरावांनी ग्रुपवर लिहिलं: "नवरंग दोन जूनला गेला. तीन ते बारा जूनच्या माझ्या सगळ्या नोंदी खोट्या आहेत. त्या काढून टाकाव्या. ज्यांना त्रास झाला त्यांची माफी मागतो. मानसिंगराव शेळके." कारण लिहिलं नव्हतं.

लोक चिडले. झाशीच्या डॉक्टरांनी लांबलचक लिहिलं, आणि त्यांचं चुकीचं नव्हतं. एकाने लिहिलं की म्हातारपणी लोकांना चर्चेत राहायची हौस असते. मी बँकेत होतो. खोटी नोंद टाकणाऱ्याला काढायचं, हा आमचा नियम मीच केलेला. मी त्यांच्या नावावर बोट ठेवलं, काढलं आणि फोन खिशात टाकला. दोन सेकंदांचं काम. त्यांना एक फोनही केला नाही.

जुलैत एक दिवस पुण्याहून फोन आला. शांताताई होत्या. नंबर त्यांनी शिखाकडून शोधून काढला होता.

"अंबरीशजी, यांनी केलं ते चूकच," त्या म्हणाल्या. "मला सगळं सांगितलंय. मी त्यासाठी फोन नाही केला."

मी म्हटलं, बोला.

"रोज रात्री आम्ही बोलतो. दोन वर्षं तेच. जेवलात का, हो. औषध घेतलं का, हो. मग दोघं गप्प. त्या दिवसांत मात्र सकाळी फोन केला की म्हणायचे, ठेव ठेव, माणसं आली आहेत."  मागे बाळ काहीतरी बडबडत होतं. "मला फार बरं वाटायचं हो. आता परत औषधावर आलंय बोलणं."

"तुम्ही येणार आहात का?" मी विचारलं आणि लगेच वाटलं, विचारायला नको होतं.

"दिवाळीत येते. बारा दिवस."

त्यानंतरही मला मुरारला जायला महिना लागला. काय बोलायचं ते सुचत नव्हतं. ऑगस्टमध्ये एका रविवारी गेलो. दार उघडलं तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर आश्चर्य नव्हतं, आनंदही नव्हता. आत या म्हणाले. मागच्या व्हरांड्यात आता एकच खुर्ची होती; दुसरी त्यांनी आतून आणली. आपलंही चुकलं, हे मी कसंबसं सांगितलं.

"तुमचं काय चुकलं? नियम आहे," ते म्हणाले. मग परसाकडे बघत, सावकाश, त्या दहा दिवसांचं सांगितलं. साडेचारला उठायचे, खुर्च्या पुसायचे, दूध तापवायचे. "दारावर पहिली थाप पडेपर्यंत मला खरंच वाटायचं की तो बोलेल. थाप पडली की विसरायचो. मग पक्षी नसला तरी चालायचं. वाईट त्याचंच वाटतं मला. पक्ष्याचं काही राहिलंच नाही त्यात."

मी ग्रुपमध्ये परत घेतो म्हणालो. त्यांनी हात हलवला. "एवढ्यात नको."

हर्षिताचं मला वाटलं होतं त्याहून वेगळं निघालं. ती जुलैतच दोनदा येऊन गेली होती. चहा घ्यायची, पण वही बाहेर काढायची नाही. ऑक्टोबरात तिला कोइम्बतूरला संशोधनाची जागा मिळाली. जाण्याआधी तिने त्यांना आपली जुनी दुर्बीण दिली. मानसिंगराव तिला सोडायला स्टेशनवर गेले होते. ती तिथून कधी-कधी आवाज पाठवते आणि विचारते, ओळखा. ते दोन-दोन दिवस ऐकतात आणि बहुतेक वेळा लिहितात, "माहीत नाही."

दिवाळीत शांताताई आल्या, बारा दिवस राहिल्या आणि गेल्या. या वेळी मानसिंगराव बरोबर जातील असं मला वाटलं होतं. नाही गेले. शांताताईंनीही आग्रह केला नाही. त्यातलं आपल्याला काय कळणार? त्या गेल्यावर मात्र चार दिवस मानसिंगरावांनी माझा फोन उचलला नाही.

नोव्हेंबरात ते ग्रुपमध्ये परतले. फार कमी लिहितात. थिरथिरा आला तेव्हा लिहिलं होतं: "मादी असावी. एकदाच दिसली, पाठमोरी. खात्री नाही." झाशीच्या डॉक्टरांनी त्याला उत्तर दिलं नाही. दुसऱ्या कोणीही नाही. मी अंगठ्याची खूण टाकली.

आता मी महिन्यातून दोन रविवार तरी मुरारला जातो. या जानेवारीत एकदा गेलो तर इतकं दाट धुकं होतं की व्हरांड्यातून जांभूळही दिसत नव्हतं. आम्ही शाली गुंडाळून बसलो. आवाज म्हणावा तर पानांवरून टपकणाऱ्या पाण्याचा. तासाभरात एक पक्षी दिसला नाही. मी दोनदा घड्याळ पाहिलं आणि दोन्ही वेळा बसून राहिलो. त्यांनी दुसरा चहा आणला.

साडेनऊला आत फोन वाजला. ते उठून गेले. पुण्याचाच होता.

"नाही, आज काही दिसलं नाही," त्यांचा आवाज येत होता. "धुकं आहे फार." मग थोडं थांबून, "हो. अंबरीशजी आलेत. बसलेत बाहेर."