कपाटातली आया

आमच्या नाटकात मी कपाटात गुदमरून मरायचे. इंग्रजांच्या काळातला, समुद्रालगतच्या टेकडीवरचा एक बंगला. साहेब फिरतीवर गेलेला. मडमेचं तान्हं मूल तापाने जातं आणि तिला वाटतं, ते सांभाळणाऱ्या आयेनेच मारलं. ती आयेला भिंतीलगतच्या कपाटात कोंडते, किल्ली खिडकीतून समुद्रात फेकते. तिसऱ्या अंकात मेलेली आया बंगलाभर दिसू लागते. आया मी, आणि मडम माझी थोरली जाऊ; मी त्यांना वैनी म्हणते.

घरात आम्ही दोघी बोलत नव्हतो. सासूबाई अंथरुणाला खिळल्या तेव्हा कोणी किती केलं, यावरून त्यांच्या तेराव्यालाच शब्दाला शब्द लागला आणि चुली वेगळ्या झाल्या. थोरले दीर बोटीवर असतात, आमचे हे चिपळूणला नोकरीला. घराच्या एका टोकाला त्या, दुसऱ्या टोकाला मी. मधल्या पडवीत समोरासमोर आलो तर एकजण तुळशीकडे बघायची.

दिग्दर्शक कॉलेजात मराठी शिकवायचे. त्यांना हे ठाऊक होतं. म्हणाले, "तुमच्या दोघींत हे जे आहे ना, तेच मला स्टेजवर हवंय." तालमी एका आंबा बागायतदाराच्या पॅकिंग शेडमध्ये व्हायच्या. आम्ही रिक्षाने एकत्र जायचो, एकत्र यायचो, आणि नाटकातले संवाद सोडले तर एक अक्षर बोलायचो नाही.

कपाट प्लायवूडचं होतं. पुढच्या दाराला खरं कुलूप, मोठी पितळी किल्ली. मागची फळी ढकलली की उघडायची. मी आत जायचे, वैनी कुलूप लावायच्या, मी लगेच मागून बाहेर पडायचे आणि बाहेरूनच फळीवर थापा मारायचे. थापा हळूहळू थांबायच्या. तेवढ्यात मदतनीस बाजूच्या फटीतून तळातल्या खणात धुपाटणं सरकवायचा. दाराखालून धूर निघायचा, प्रेक्षकांना वाटायचं आयेचा जीव गेला. त्या वेळी मडम खुर्चीत बसून, आयेनेच शिकवलेली अंगाई म्हणायची. अंगाई संपली की उठून किल्ली बाहेर फेकायची.

नाटक स्पर्धेत उतरवलं होतं. त्या संध्याकाळी रत्नागिरीतलं नाट्यगृह भरलं होतं. त्या रंगमंचाची खोली कमी, म्हणून नेपथ्यवाल्यांनी कपाट थेट मागच्या भिंतीला टेकवलं. हे मला कोणी सांगितलं नाही. मी आत गेले, कुलूप लागलं, फळी ढकलली. ती हललीच नाही.

आधी वाटलं, अडकली असेल. पाठ लावून रेटली. पलीकडे भिंत होती. आत अंग वळवायलाही जागा नव्हती. मी दारावर थापा मारल्या. प्रेक्षकांत शांतता पसरली. थापा तर नाटकातच होत्या! मी जितक्या जोरात मारेन, तितकं ते खरं वाटणार होतं.

मग पायाशी ऊब जाणवली. धुपाटणं आलं होतं. बाजूला काळोखात बसलेल्या मदतनीसाला मी बाहेर पडलेय असंच वाटलं असणार. धूर गुडघ्यापर्यंत, मग छातीपर्यंत चढला. मी ओरडले, "दार उघडा!" तेही वाक्य आयेच्याच तोंडी होतं. बाहेर वैनींची अंगाई संथ चालली होती. मला ती पाठ होती. किती ओळी उरल्यात ते कळत होतं. शेवटच्या ओळीनंतर ती किल्ली खिडकीबाहेर, पडद्यांच्या ढिगाऱ्यात पडणार होती. नंतर काळोखात ती कोण शोधणार?

डोळे उघडवेनात. खोकल्याने बोलता येईना. उरलासुरला श्वास एकवटून मी ओरडले, "वैनी!"

अंगाई थांबली.

मी थापा मारत राहिले. आणि बाहेर अंगाई पुन्हा सुरू झाली. एक ओळ. ती ओळ ऐकताना जी भीती वाटली, ती धुराची नव्हती.

मग पुढची ओळ अर्ध्यावर तुटली. कुलपात किल्ली खरखरली, एकदा चुकली, दुसऱ्यांदा फिरली. दार उघडलं आणि मी धुरासकट त्यांच्या अंगावर कोसळले. प्रेक्षागृहात कोणीतरी किंचाळलं. वैनींनी मला दंडांना धरून उभं केलं आणि मडमेच्याच आवाजात म्हणाल्या, "इतक्यात मरायचं नाही." विंगेकडे बघून त्यांनी हात केला. पडदा पडला.

आत दिग्दर्शकांनी डोक्याला हात लावला होता. "भूतच जिवंत बाहेर काढलंत! आता तिसरा अंक काय करायचा?"

वैनी माझ्या तोंडावर पाणी मारत होत्या. वर न बघता म्हणाल्या, "भूत नको. जिवंत आयाच फिरू दे घरात. त्या बाईला तिचीच जास्त भीती वाटेल."

माझा आवाज पार बसला होता. तिसरा अंक मी कुजबुजत केला. बक्षीस काही मिळालं नाही. संहितेत परवानगीशिवाय बदल केल्याबद्दल परीक्षकांनी ताशेरे ओढले, लेखकही दिग्दर्शकांवर रागावला.

परतताना रिक्षात मी विचारलं, "वैनी, मी हाक मारल्यावर ती ओळ परत का म्हटलीत?"

त्या रस्त्याकडे बघत म्हणाल्या, "मला वाटलं, मुद्दाम करत्येस गो. भरल्या सभेत मला पाडायला."

"मग उघडलंत कसं?"

"म्हटलं, खोटं असलं तर असू दे. पाडलंस तर पडेन."

त्यांचा हात सीटवर होता. तो धरावा असं वाटलं, पण धरला नाही. घर आल्यावर त्या नेहमीसारख्या आपल्या दाराकडे वळल्या, आणि थांबून म्हणाल्या, "रात्री दूध हळद घे. तुझ्याकडे हळद नसेल तर ये."

हळद होती. तरी मी गेले.

चुली आजही वेगळ्याच आहेत. सासूबाईंचा विषय आम्ही दोघीही काढत नाही. पुढे राजापूरला प्रयोग झाला तेव्हा आयेचं काम दुसरीला दिलं. मला ते जमेना, अजूनही बंद जागेत श्वास कोंडतो. मी प्रेक्षकांत पहिल्या रांगेत बसले होते. वैनींनी अंगाई सुरू केली, आणि शेजारची बाई मला म्हणाली, "अहो, तुम्ही इतकी घट्ट काय धरलीय खुर्ची?"