आण्णांचा ठिपका

मी रडारवर काम करते म्हटलं की आमच्या गावची, सास्तूरची, माणसं आधी आभाळाकडं बघतात. आमचं यंत्र विमानांचं नाही, आणि ते स्वतःहून काही सोडतही नाही. मोबाइल टॉवरच्या लहरी गावभर फिरतच असतात. हलत्या वस्तूवर आपटून त्या परततात, तेवढ्याची चाहूल घ्यायची. घरं, झाडं, खांब, जे जे जागचं हलत नाही ते गाळून टाकायचं, नाहीतर पडद्यावर नुसता गोंधळ.

गेल्या हिवाळ्यात सुट्टीला आले ती हे सगळं सामान घेऊनच. गच्चीवर दोन अँटेना उभ्या केल्या, एक टॉवरकडं, एक शेताकडं. आता चालणारं माणूस हवं होतं. आण्णा, म्हणजे माझे वडील, रोज सकाळी शेतात जातातच. त्यांना म्हटलं, बांधानं सरळ विहिरीपर्यंत जा, मधे कुठं थांबू नका.

"थांबतंय कोन?" म्हणाले आणि निघाले.

तूर डोक्याच्या वर गेलेली, त्यामुळं गच्चीवरून आण्णा दिसत नव्हते. पडद्यावर त्यांचा ठिपका छान चालला होता. मग गायब. पुन्हा उगवला, पुन्हा गायब. विहिरीपर्यंत सात वेळा.

तीन दिवस हेच. मी केबली काढून पुन्हा लावल्या, सगळे आकडे बदलून पाहिले. आण्णा परतले की विचारायची, "थांबला होतात का?"

"न्हाय बा. तुजी मशीनच बिघडलीय."

मलाही ते पटलं. वैतागून पुण्याला, ज्यांच्या हाताखाली काम करते त्या सरांना फोन केला आणि यंत्र खराब आहे म्हणून सांगून मोकळी झाले.

चौथ्या दिवशी आई कपडे वाळत घालायला गच्चीवर आली. ठिपका गायब झालेला बघून म्हणाली, "मशीन बरोबर हाय. बसले असतील. उन्हाळ्यापासनं लई दम लागतोय त्येन्ला. तुला सांगू नको म्हनले."

मला रागच आला. आण्णांचा आला, आईचा आला, आणि सगळ्यात जास्त स्वतःचा. दमलेल्या बापाला रोज चालायला लावून मी केबली तपासत बसले होते. आईला तिथंच सोडून मी शेताकडं पळाले.

तुरीच्या आड बांधावर आण्णा बसले होते, एक हात छातीवर. मला बघून लगबगीनं उठायला लागले. मी त्यांना खाली बसवलं आणि शेजारी टेकले.

"आजच उमरग्याला दवाखान्यात जायचं," मी म्हणाले.

त्यांनी घराच्या दिशेनं मान वळवली. मग म्हणाले, "आता तुज्या मशीनीत आपुन दोघंबी न्हाय?"

"नाही."

"आन् तुजी आई तितं बघत बसली आसंल." त्यांनी हात पुढं केला. "घाबरंल ती. जाऊ दवाखान्यात. उठायला हात दे."

उठायला हात दे, असं आण्णा आजवर मला कधीच म्हणाले नव्हते.